मृतांच्या वतीने कोणी बोलावे? : आर्चिबाल्ड मॅक्लीश यांचे जीवन आणि नभोवाणी

अमेरिकेत मे महिन्यात पाळला जाणारा स्मरणदिन हा तेथील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) जखमांतून जन्मला. ३० मे १८६८ रोजी आर्लिंग्टन येथील दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्यात आली आणि पुढे ही प्रथा देशभर रूढ झाली. पहिल्या महायुद्धानंतर या दिवसाची व्याप्ती सर्व युद्धांत धारातीर्थी पडलेल्यांपर्यंत वाढली. १९७१ पासून तो मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी पाळला जातो. फुले, ध्वज, बिगूल आणि भाषण ही या विधीची प्रमुख अंगे. त्यांपैकी भाषण हे अंग वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष विचारप्रवृत्त करणारे आहे. मृत सैनिक बोलू शकत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलते. हे बोलणारे कोण, त्यांना तो अधिकार कोणी दिला, आणि त्यांचे शब्द मृताचे की सत्तेचे, हे प्रश्न त्या विधीच्या पोटातच दडलेले आहेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नभोवाणीचा प्रसार झाला आणि दफनभूमीतील व्यासपीठावरचा आवाज घराघरांत पोहोचू लागला. त्याबरोबर हे प्रश्नही तीव्र झाले.

आर्चिबाल्ड मॅक्लीश (१८९२–१९८२) या कवीचे आयुष्य या प्रश्नांभोवती फिरत राहिले. तीन पुलित्झर पारितोषिकांचे मानकरी, ग्रंथपाल, शासकीय अधिकारी, प्राध्यापक अशा अनेक नात्यांनी ते परिचित आहेत. काव्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून कवितेच्या स्वायत्ततेचा पुरस्कर्ता म्हणून त्यांचे नाव येते, तर राजकीय इतिहासात युद्धकालीन प्रचारयंत्रणेचा प्रमुख म्हणून. या दोन प्रतिमांचा मेळ कसा बसतो, याचे उत्तर त्यांच्या नभोवाणीविषयक कार्यात आणि त्यामागील एका खाजगी दुःखात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. घराणे, शिक्षण आणि युद्ध

मॅक्लीश यांचा जन्म ७ मे १८९२ रोजी इलिनॉय राज्यातील ग्लेन्को येथे झाला. वडील अँड्र्यू हे स्कॉटलंडहून येऊन शिकागोत कापडव्यवसायात स्थिरावलेले यशस्वी व्यापारी होते. आई मार्था हिलार्ड या शिक्षणक्षेत्रातील कर्तबगार स्त्री; विवाहापूर्वी त्यांनी रॉकफर्ड येथील महिला शिक्षणसंस्थेचे प्रमुखपद भूषविले होते. सुबत्ता आणि समाजाप्रती कर्तव्याची जाणीव या दोन्ही गोष्टी मुलांना घरातूनच मिळाल्या. हॉचकिस शाळेतील शिक्षणानंतर आर्चिबाल्ड येल विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी हार्वर्डमध्ये कायद्याचा अभ्यास आरंभिला. १९१६ मध्ये एडा हिचकॉक या गायिकेशी त्यांचा विवाह झाला.

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा मॅक्लीश प्रथम एका रुग्णालय-पथकाबरोबर फ्रान्सला गेले. परंतु शुश्रूषेच्या सुरक्षित कामात त्यांचे मन रमेना. त्यांनी तोफखान्यात बदली मागून घेतली आणि १९१८ च्या उन्हाळ्यात मार्नच्या आघाडीवर युद्ध पाहिले. पुढे नव्या सैनिकांना प्रशिक्षण देण्यासाठी त्यांना मायदेशी धाडण्यात आले. ते सुखरूप परतले. त्यांचा धाकटा भाऊ केनेथ मात्र परतला नाही.

केनेथ हा येलच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या वैमानिक पथकातून नौदलाच्या हवाई दलात दाखल झाला होता. १४ ऑक्टोबर १९१८ रोजी बेल्जियमच्या आकाशात लढताना तो मारला गेला. युद्धविरामाला तेव्हा महिनाभरही उरला नव्हता. त्याचा देह हाती लागण्यास आणखी काही आठवडे गेले. वारेगेम येथील अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली आणि नौदलाने एका विनाशिकेला त्याचे नाव दिले. राष्ट्राकडून मृत सैनिकाला जे काही देता येते ते सारे केनेथला मिळाले होते. पण ते पुरेसे नाही, ही बोच थोरल्या भावाच्या मनात कायम राहिली. तिचे वाङ्मयीन परिणाम पुढील तीन दशके दिसत राहतात.

२. पॅरिसमधील वर्षे

१९१९ मध्ये कायद्याची पदवी मिळवून मॅक्लीश यांनी बॉस्टनमध्ये वकिली सुरू केली. त्यांचा जम बसला. पण कविता मागे पडत चालली. १९२३ मध्ये, पेढीतील भागीदारीचे दार उघडत असतानाच, त्यांनी वकिली सोडली आणि पत्नी व मुलांसह पॅरिस गाठले. एलियट, पाउंड, जॉइस, हेमिंग्वे यांच्या सहवासाने आणि वाचनाने त्यांची शैली घडली. १९२८ मध्ये ते मायदेशी परतले आणि मॅसॅच्युसेट्समधील कॉनवे येथील शेतघरात स्थायिक झाले.

या काळातील ‘स्ट्रीट्स इन द मून’ (१९२६) हा संग्रह महत्त्वाचा आहे. ‘आर्स पोएटिका’ ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कविता याच संग्रहात आहे. कविता ही काही सांगण्याचे साधन नसून वस्तूसारखी मूक आणि स्वयंपूर्ण असते, अशी भूमिका तीत प्रतिमांच्या द्वारे मांडलेली आहे. याच संग्रहात ‘मेमोरियल रेन’ ही केनेथला उद्देशून लिहिलेली कविताही आहे. बेल्जियममधील दफनभूमीत स्मरणदिनाचा समारंभ चालू आहे. राजदूत महाशय भाषण करीत आहेत. कृतज्ञता, त्याग, परभूमीत विसावलेले वीर असे ठरीव शब्द एकामागून एक येत आहेत. निवेदकाचे लक्ष मात्र वाऱ्याकडे, कोरड्या गवताकडे आणि मातीखाली पावसाची वाट पाहत पडलेल्या भावाकडे आहे. अखेर पाऊस येतो, श्रोत्यांची पांगापांग होते आणि पाणी मुळांपर्यंत झिरपते. राजदूताचे शब्द मृतापर्यंत पोहोचत नाहीत, पाऊस मात्र पोहोचतो.

या दोन कविता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर ‘आर्स पोएटिका’तील मौनाचा आग्रह केवळ सौंदर्यशास्त्रीय वाटत नाही. व्यासपीठावरील भाषणाने भावाच्या मृत्यूचा जो अपहार केला, त्याच्याविषयीची चीडही त्या आग्रहामागे असावी, असे म्हणण्यास जागा आहे. सार्वजनिक भाषेविषयी एवढा अविश्वास बाळगणारा कवी दहा वर्षांत देशव्यापी नभोवाणीसाठी लिहू लागतो, हे स्थित्यंतर म्हणूनच लक्षणीय ठरते.

३. साक्षीदाराचा अधिकार

स्थित्यंतराची पहिली खूण ‘काँकिस्टाडोर’ (१९३२) या दीर्घकाव्यात दिसते. कोर्टेझच्या मेक्सिको-विजयाचा विषय असलेल्या या काव्यासाठी मॅक्लीश यांनी १९२९ मध्ये कोर्टेझच्या मार्गाने पायी व खेचरावरून प्रवास केला होता. काव्याचा निवेदक आहे बेर्नाल दियाझ हा वृद्ध सैनिक. रणभूमी न पाहता इतिहास लिहिणाऱ्या पंडितावर तो रुष्ट आहे. आपल्यासोबत लढलेल्या आणि मेलेल्या साथीदारांच्या आठवणी तो सांगू पाहतो. ‘मेमोरियल रेन’मधील राजदूत आणि येथील पंडित हे एकाच जातीचे वक्ते आहेत. फरक असा की, आता त्यांच्यासमोर बोलणारा साक्षीदार उभा आहे. मृतांविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्यासोबत असलेल्याला आहे, ही कल्पना येथे आकार घेते. या काव्याला १९३३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी एका वादाने हा प्रश्न ऐरणीवर आला. लॉरेन्स स्टॉलिंग्ज यांनी संपादित केलेल्या महायुद्धाच्या छायाचित्र-इतिहासावर मॅक्लीश यांनी ‘न्यू रिपब्लिक’मध्ये परीक्षण लिहिले. युद्धाची भीषणता दाखविणारे हे पुस्तक खरे असले तरी लढणाऱ्यांच्या अनुभवाचे संपूर्ण सत्य त्यात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. माल्कम कौली यांनी त्याला उत्तर देताना मृतांचे बलिदान व्यर्थ गेले हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, अन्यथा पुढच्या युद्धासाठी नवे मृत तयार होतील, अशी भूमिका घेतली. दोघांनीही युद्ध जवळून पाहिले होते, त्यामुळे या वादाला पोथीबद्धतेचा स्पर्श नाही. मॅक्लीश यांची अडचण खोल होती. युद्ध व्यर्थ होते असे म्हणावे तर केनेथच्या श्रद्धेचा उपहास होतो. व्यर्थ नव्हते म्हणावे तर राजदूताचे भाषण खरे ठरते. याच सुमारास लिहिलेल्या ‘लाइन्स फॉर अॅन इंटरमेंट’ या कवितेत ते पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या भावाशी कडवट उपरोधाने बोलतात. तेथेही या पेचातून वाट सापडत नाही.

दरम्यान उपजीविकेसाठी ते ‘फॉर्च्यून’ या नियतकालिकात लेखन करीत होते. महामंदीच्या काळातील अमेरिका त्यांनी पत्रकाराच्या डोळ्यांनी पाहिली. १९३६ च्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘पब्लिक स्पीच’ असे आहे. जाहीर भाषणाविषयीची जुनी चीड मागे टाकून त्यांनी ती संज्ञा स्वतःच्या कवितेसाठी स्वीकारली होती.

४. नभोनाट्याचा प्रयोग

कोलंबिया नभोवाणी कंपनीने १९३६ मध्ये ‘कोलंबिया वर्कशॉप’ हा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. त्याला जाहिरातदार नव्हता, त्यामुळे प्रयोगाला मोकळीक होती. याच मालिकेत ११ एप्रिल १९३७ रोजी मॅक्लीश यांचे ‘द फॉल ऑफ द सिटी’ हे पद्य नभोनाट्य प्रसारित झाले. दिग्दर्शन अर्व्हिंग रीस यांचे व संगीत बर्नार्ड हरमन यांचे होते. निवेदकाची भूमिका ऑर्सन वेल्स या तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या नटाने केली. जमावाचा आवाज खरा वाटावा म्हणून न्यूयॉर्कमधील एका लष्करी कवायतगृहातून प्रसारण करण्यात आले आणि सुमारे दोनशे जणांचा जमाव तेथे उभा करण्यात आला.

एका अनाम नगरीच्या चौकात लोक जमले आहेत. नुकतीच पुरलेली एक स्त्री थडग्यातून उठून येते आणि नगरीला लवकरच धनी लाभणार असल्याचे भाकीत करते. विजेता जवळ येत असल्याची वार्ता दूत आणतात. एक वक्ता अप्रतिकाराचा उपदेश करतो, पुरोहित देवांकडे वळवितात, वृद्ध सेनापती लढण्याचे आवाहन करतो. पण लोक अखेर विजेत्यापुढे लोटांगण घालतात. विजेता शिरस्त्राण उघडतो तेव्हा आत कोणीच नसल्याचे एकट्या निवेदकाला दिसते. लोक मात्र वर पाहतच नाहीत. हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रियात प्रवेश केला तो त्यानंतर वर्षभराच्या आतच. त्यामुळे या नाट्याकडे भविष्यवाणी म्हणून पाहिले गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे निवेदकाची योजना. नाट्याच्या छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेत मॅक्लीश यांनी नभोवाणीवरील निवेदकाची तुलना ग्रीक नाट्यातील वृंदाशी केली आहे. श्रोत्यांच्या परिचयाचा, घटनास्थळी हजर असलेला आणि तरीही घटनेबाहेर उभा असलेला हा निवेदक कवीला आयताच मिळाला. बेर्नाल दियाझ हा साक्षीदार होता. नभोवाणीवरील निवेदक हा त्याचाच आधुनिक अवतार म्हणता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे मृत स्त्रीचा आवाज. रंगभूमीवर थडग्यातून उठलेली व्यक्ती दाखवायची तर नटीचा सजीव देह आड येतो. नभोवाणीवर प्रत्येक पात्र देहावाचूनच अवतरते. जिवंत आणि मृत यांच्या आवाजांत श्रोत्याच्या कानाला मूलतः भेद जाणवत नाही. ‘मेमोरियल रेन’मध्ये मूक पडून राहिलेल्या मृताला वाणी देण्याची शक्यता या माध्यमाच्या घडणीतच होती, आणि मॅक्लीश यांनी ती पहिल्याच प्रयोगात ओळखली.

२७ ऑक्टोबर १९३८ रोजी ‘एअर रेड’ हे त्यांचे दुसरे नभोनाट्य प्रसारित झाले. गेर्निका या स्पॅनिश गावावर एप्रिल १९३७ मध्ये झालेल्या बाँबहल्ल्याची छाया त्यावर आहे. सैनिक स्त्रियांना मारणार नाहीत, अशा विश्वासाने घरकामात गुंतलेल्या स्त्रिया, स्वरसाधना करणारी एक गायिका आणि छपरावरून सारे पाहणारा निवेदक, एवढीच सामग्री. युद्धाचे मृत आता केवळ सैनिक राहणार नाहीत, हे या नाट्याने ऐकविले.

५. सत्ता, प्रचार आणि कवी

१९३९ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मॅक्लीश यांची ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या ग्रंथपालपदी नेमणूक केली. व्यावसायिक ग्रंथपालांच्या संघटनेने प्रशिक्षण नसलेल्या कवीच्या निवडीला विरोध केला. तथापि त्यांनी ग्रंथालयाची पुनर्रचना कार्यक्षमतेने केली. त्यांच्या कारकिर्दीत तेथे ध्वनिमुद्रणाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९४१ मध्ये नभोवाणी-संशोधनाचा प्रकल्प सुरू झाला. सामान्य माणसांची बोली त्यांच्याच आवाजात मुद्रित करणे हा त्याचा एक भाग होता. पुढे नाटककार म्हणून विख्यात झालेले आर्थर मिलर तरुणपणी या कामासाठी नॉर्थ कॅरोलिनात फिरले होते.

याच काळात मॅक्लीश यांच्या भूमिकेने अनेकांना दुखावले. ‘द इरिस्पॉन्सिबल्स’ (१९४०) या पुस्तिकेत त्यांनी फॅसिझमच्या संकटापुढे अलिप्त राहणाऱ्या लेखक-विद्वानांना जबाबदारी टाळणारे ठरविले. त्याच वर्षीच्या एका भाषणात त्यांनी आपल्याच पिढीच्या युद्धविरोधी कादंबऱ्यांनी तरुणांचा सर्वच शब्दांवरील विश्वास नष्ट केला, असे प्रतिपादन केले. हेमिंग्वे यांना हा आरोप झोंबला आणि त्यांनी जाहीर प्रत्युत्तर दिले. ‘मेमोरियल रेन’च्या कवीनेच असे म्हणावे, यातील विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. ती विसंगती खरीच होती, आणि मॅक्लीश यांनी आपल्या आरोपात स्वतःच्या पूर्वीच्या लेखनालाही गोवले होते, हेही नोंदवावयास हवे.

२ डिसेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड मरो या वार्ताहराच्या सन्मानार्थ भोजनसमारंभ झाला. लंडनवरील बाँबवर्षावाची वर्णने मरो यांनी थेट त्या शहरातून अमेरिकन घरांत पोहोचविली होती. त्या प्रसंगी मॅक्लीश यांनी केलेल्या भाषणाचा आशय असा होता की, मरो यांनी दूरत्वाची अंधश्रद्धा मोडली आणि परक्या शहरातील मृत हे आपलेच मृत असल्याची जाणीव दिली. नभोवाणी मृतांविषयी कशी बोलू शकते याचे त्यांचे हे सर्वांत सुस्पष्ट विवेचन होय. पाचच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

त्या वेळी मॅक्लीश हे युद्धविषयक माहिती पुरविणाऱ्या नव्या शासकीय कार्यालयाचे प्रमुखही होते. या कार्यालयाच्या पुढाकाराने नॉर्मन कॉर्विन यांनी लिहिलेला ‘वुई होल्ड दीज ट्रुथ्स’ हा कार्यक्रम १५ डिसेंबर १९४१ रोजी सर्व प्रमुख नभोवाणी-जाळ्यांवरून एकाच वेळी प्रसारित झाला. १९४२ मध्ये ‘धिस इज वॉर!’ ही तेरा भागांची मालिका आली. त्याच वर्षी हे कार्यालय मोठ्या माहिती-विभागात विलीन झाले. जाहिरातक्षेत्रातून आलेल्या मंडळींचे वर्चस्व तेथे वाढले, युद्ध हे विक्रीयोग्य मालाप्रमाणे मांडले जाऊ लागले आणि मॅक्लीश त्यातून बाहेर पडले. ज्या राजदूताला त्यांनी उपहासिले होते, त्याच्याच जागी ते स्वतः जाऊन बसले होते काय? हा आक्षेप सहज दूर सारता येत नाही. शासनाच्या वतीने मृत्यूला अर्थ देणारी भाषा त्यांच्याही लेखणीतून उतरली. तिच्यातील काही भाग आज पोकळ वाटतो.

परंतु त्या काळातच कॉर्विन यांनी या माध्यमाची दुसरी शक्यता दाखविली. १९४४ च्या स्मरणदिनी, ३० मे रोजी, त्यांचे ‘अनटायटल्ड’ हे नभोनाट्य कोलंबिया केंद्रांवरून प्रसारित झाले. हँक पीटर्स या युद्धात पडलेल्या काल्पनिक सैनिकाविषयी त्याची आई, शिक्षिका, डॉक्टर, इतकेच नव्हे तर त्याला मारणारा जर्मन सैनिकही बोलतो. निवेदक त्या साऱ्यांची विधाने पूर्ण करतो, दुरुस्त करतो. आणि अखेरीस कळते की हा निवेदक म्हणजे स्वतः हँकच आहे. मॅक्लीश यांच्या नाट्यात वेगवेगळे असलेले साक्षीदार आणि मृत येथे एकरूप झाले. स्मरणदिनाच्या भाषणाची सूत्रे वक्त्याच्या हातून मृताच्या हाती गेली.

६. अखेरचे उत्तर

मॅक्लीश यांचे स्वतःचे उत्तर ‘द यंग डेड सोल्जर्स’ या लहानशा कवितेत आहे. ती युद्धकाळात, रिचर्ड मायर्स या तरुण अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ लिहिली गेली आणि पुढे ‘अॅक्टफाइव्ह’ (१९४८) या संग्रहात समाविष्ट झाली. तिची रचना अगदी साधी आहे. छोटी छोटी विधाने येतात आणि प्रत्येकाच्या मागे हे मृतांचे म्हणणे असल्याची नोंद येते. आपल्या मरणाचा अर्थ काय, हे मृत सांगत नाहीत. तो अर्थ जिवंतांनी पुढे काय केले यावरून ठरेल, अशी जबाबदारी ते श्रोत्यांवर टाकतात. १९३३ च्या वादात कौली म्हणत होते व्यर्थ, राजदूत म्हणत होता सार्थ. मॅक्लीश यांनी दोन्ही उत्तरे नाकारून प्रश्न खुला ठेवला. ही कविता कानासाठी लिहिलेली आहे. पुनरुक्ती, अलंकारांचा अभाव, श्वासाबरोबर संपणारी वाक्ये हे सारे नभोवाणीच्या दशकाने शिकविलेले संस्कार होत. स्मरणदिनाच्या समारंभांत ती आजही वाचली जाते, यात एक उपरोध आहे. पण वाचणाऱ्याला त्या समारंभातील वक्ता होण्याऐवजी ऐकणारा व्हावे लागते, हे तिचे यश मानावे लागेल.

युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात मॅक्लीश परराष्ट्र विभागात सहायक सचिव होते. युनेस्कोच्या घटनेच्या मसुद्यातही त्यांचा वाटा होता. १९४९ ते १९६२ या काळात ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. ‘कलेक्टेड पोएम्स’ला १९५३ मध्ये आणि ईयोबाच्या कथेवर आधारित ‘जे. बी.’ या नाटकाला १९५९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. या काळातील एक प्रकरण नभोवाणीशी निगडित आहे. एझ्रा पाउंड यांनी युद्धकाळात रोम नभोवाणीवरून फॅसिस्टांच्या बाजूने भाषणे केली होती. देशद्रोहाच्या आरोपानंतर मनोरुग्ण ठरवून त्यांना वॉशिंग्टनच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. त्या भाषणांचा तिरस्कार वाटत असूनही मॅक्लीश यांनी त्यांच्या सुटकेसाठी अनेक वर्षे खटपट केली; १९५८ मध्ये ती फळाला आली. कवीचा आवाज नभोवाणीवर किती घातक ठरू शकतो हे पाहिलेल्या माणसाने दाखविलेली ही उदारता होती. २० एप्रिल १९८२ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले असता, बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले.

७. समारोप

मराठी अभ्यासकाला या चरित्रातील प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे पडलेल्या वीराची स्मृती वीरगळाने दगडात आणि पोवाड्याने शाहिराच्या आवाजात जपली. वीरगळ मूक असतो, पोवाडा बोलतो. आणि शाहिराला आश्रय देणारा कोण, हा प्रश्न तेथेही विचारावाच लागतो. आधुनिक काळात कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणारे मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते आणि त्यांनी संगीतिकाही लिहिल्या. स्वायत्तता आणि बांधिलकी यांना परस्परविरोधी कप्प्यांत टाकण्याची आपल्या समीक्षेची सवय अशा उदाहरणांपुढे अपुरी पडते.

मॅक्लीश यांच्या बाबतीत मौनाचा आग्रह आणि जाहीर वाणी या दोहोंचा उगम एकच होता. बेल्जियममधील एका थडग्यापाशी ऐकलेले भाषण त्यांना खोटे वाटले. त्यावर प्रथम त्यांनी मूक कवितेचा उतारा शोधला, नंतर साक्षीदाराच्या निवेदनाचा, आणि शेवटी देहाविना येणाऱ्या आवाजाचा. मधल्या काळात सत्तेची भाषा त्यांच्याही तोंडी आली, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही. मात्र त्यांच्या नभोनाट्यांचा अभ्यास केवळ प्रचारवाङ्मय म्हणून करणे अन्यायाचे होईल. ती ध्वनिमुद्रणे आणि संहिता एकत्र ठेवून, कानाने वाचण्याची पद्धत त्यांना लावली पाहिजे. आपल्या श्रुतिकांच्या आणि संगीतिकांच्या अभ्यासातही हीच पद्धत उपयोगी पडेल.